ब्रेक ऑइल हे ‘ऑइल’ नव्हेच

परवा ऐरोलीहून धाकट्या भावाचा फोन. “दादा, तुझा सी-क्लॅम्प दे, मागचे कॅलिपर रविवारी घरीच बदलतो.” (कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग; पॅड ढकलतो तो त्यातला पिस्टन.) पाठोपाठ तो फॉरवर्ड: ‘गॅरेजवाले लुटतात! कुठल्याही गाडीचे मागचे कॅलिपर अर्ध्या तासात घरी बदला.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तेव्हा मी सोडून दिलं. भावाच्या गाडीत मागे आमची आई बसते, म्हणून आता लिहितोय.

‘कुठल्याही गाडीचे’? वॅगनआर, स्विफ्टला मागे डिस्क नाही, ड्रम ब्रेक असतात. कॅलिपरच नाही, तर बदलणार काय?

‘पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकला.’ पुढच्या चाकांना चालतं. मागे ज्या कॅलिपरवर हँडब्रेकची केबल येते, त्यातला पिस्टन आतल्या स्क्रूवर असतो. तो फिरवत फिरवतच आत न्यावा लागतो. नुसता दाबला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे हँडब्रेकची मोटर मागे घेणाऱ्या सेटिंगमध्ये, घ्यावी लागते.

‘ब्रेक ऑइल कमी पडलं तर इंजिन ऑइल टाका, ऑइल ते ऑइल.’ इथे माझं डोकंच फिरलं. आपण ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉलचं द्रव आहे. ब्रेकची रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात, खनिज तेलात ती फुगतात. मी भंगारातल्या कॅलिपरची दोन सील घेतली. एक ब्रेक ऑइलच्या बरणीत टाकलं, एक इंजिन ऑइलच्या. आठवड्याने पहिलं होतं तसंच. दुसरं मऊ, फुगलेलं, स्वतःच्याच खाचेत बसेना. हेच मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर द्रव ढकलणाऱ्या पंपात, झालं की द्रव परत फिरत नाही, ब्रेक धरून राहतात, तापतात, आणि मग ऐन वेळी दगा देतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर त्याचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, ते छापलेलं असतं, निदान तेवढं तरी वाचा!

‘हवा काढायची गरज नाही, चारदा पेडल मारा.’ नुसते पॅड बदलले असतील तर हे खरं. कॅलिपर बदलायचं म्हणजे ब्रेक ऑइलचा होज (नळी) सोडावा लागतो, हवा शिरतेच, आणि पेडल तळाला जातं. ब्लीडर निप्पल, म्हणजे हवा काढायचं तोंड, वरच्या बाजूला हवं. डावं-उजवं कॅलिपर उलट लावलंत तर हवा निघणारच नाही. गेल्या पावसाळ्यात फोडलेली बाटलीही वापरू नका, ते द्रव हवेतलं पाणी ओढतं. अमेरिकी मानकानुसार नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी ओढलेल्यासाठी ही मर्यादा १५५ वर येते. पारसिक हिल उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

घरी काम होतं, हे मान्य. मीही करतो. आपल्या खाडीकाठच्या हवेत बऱ्याचदा फक्त कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या पिना गंजून जाम झालेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं की कॅलिपर बदलायचीही गरज पडत नाही. पण गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना ठोकळे आणि मागे जॅक स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर नाही.

भावाच्या गाडीत केबल कॅलिपरवरच येते. क्लॅम्प मी दिलेला नाही. रविवारी पिस्टन फिरवायचं हत्यार घेऊन मीच जातोय.