व्हिडिओ चालवून बॅटरी कळत नाही
नव्या फोनची परीक्षा घेणाऱ्या या लेखात वायफायवर सलग व्हिडिओ चालवून बॅटरी किती तास टिकली ते मोजलंय आणि त्यावरून ‘दोन दिवस आरामात’ म्हटलंय. इथेच गडबड आहे. व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला वेगळा भाग अगदी कमी विजेत करतो, त्यामुळे ही चाचणी फोनला सोपी जाते. खरी बॅटरी खाते ती कमकुवत रेंज. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. त्यात प्रवासात नकाशा चालू आणि उन्हात ब्राइटनेस पूर्ण, म्हणजे संपलंच!

शिवाय नवा फोन पहिले काही दिवस फोटोंची छाननी, अ‍ॅप अपडेट, बॅकअप यांतच गुंतलेला असतो. दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन मोकळं होणं म्हणजे जरा घाईच झाली.

मी एक साधी गोष्ट बघतो. झोपताना किती टक्के होती आणि उठल्यावर किती उरली. रात्रभरात २-३ टक्के गेली तर ठीक. १० गेली तर एखादं अ‍ॅप मागे जागं आहे किंवा रेंजची बोंब आहे. ‘स्क्रीन ऑन टाइम’चा, म्हणजे एका चार्जवर स्क्रीन किती तास चालू राहिली त्याचा, आकडा मिरवणाऱ्यांना ही गळती दिसतच नाही.

आणि हो, दोन्ही फोनच्या बॅटरीची क्षमता ५००० एमएएच असली तरी ते सारखेच टिकतील असं नाही. चिप, स्क्रीन, मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग) सगळंच वेगळं. पुढच्या वेळी सिमच्या डेटावर, बाहेर फिरताना मोजा की राव!