विमान डावीकडे ओढतंय म्हणून जॉयस्टिक बदलू नका

कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, थोडक्यात सिम. पुण्यातल्या फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात चार सल्ले आहेत. चित्र अडखळत असेल तर मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या. सिम मध्येच बंद पडत असेल तर विंडोज फॉरमॅट करा. विमान आपोआप डावीकडे वळत असेल तर जॉयस्टिक गेली. कंट्रोल मध्येच तुटत असतील तर मदरबोर्ड गेला. चारही उपाय खर्चाचे किंवा कष्टाचे, आणि तपासणीचा एक शब्द नाही. पायलट व्हायचं मनात धरलेली मुलं हे वाचून घरी पैसे मागतात, याचा आम्हाला खरोखर त्रास होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“विमान डावीकडे वळतं, म्हणजे जॉयस्टिक खराब.” सिममध्ये लोहगाव विमानतळाच्या २८ नंबरच्या धावपट्टीवर सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान उभं करा आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पूर्ण पुढे ढकला. नाक डावीकडे जाणारच. पायलटच्या जागेवरून पाहिलं तर या विमानाचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा गोल गोल येत शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळते. इंजिनाच्या उलट्या जोराने डावं चाक जास्त दाबलं जातं. नाक वर असताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढ देतं. सगळ्यांचा परिणाम एकच: उजवं रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा पायाने वळवायचा भाग, द्यावं लागतं. खऱ्या सेसनातही टेकऑफला उजवा पाय दाबावाच लागतो. सिम इथे बरोबर वागतोय.

शंका फेडायला पाच मिनिटं पुरतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) टाइप करून उघडा, जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज बघा. हात न लावता अधिकचं चिन्ह मधोमध स्थिर असेल तर काठी ठीक आहे. आता प्रत्येक ॲक्सिस, म्हणजे हालचालीची दिशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. दर वेळी खूण त्याच ठिकाणी उडी मारत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरची (काठी किती हलली ते मोजणाऱ्या भागाची) पट्टी मळली किंवा झिजली आहे. हात न लावताही अनेक ॲक्सिस एकदम थरथरत असतील तर दोष केबलचा किंवा वीजपुरवठ्याचा.

मळलेला पोटेन्शिओमीटर बहुतेक वेळा साफ होतो. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काँटॅक्ट क्लीनर मागा. बिजागरीला मारतो तो गंज काढणारा तेलकट स्प्रे नको. त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. यूएसबी काढा, तळाचे स्क्रू सोडवा, फटीत एक छोटा फवारा मारा, दांडा २०-३० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग कॅलिब्रेट करा, म्हणजे काठीचा मध्य आणि टोकं विंडोजला पुन्हा दाखवा. उरलेली किंचित थरथर सिममध्ये ३ ते ५ टक्के डेड झोन (मधली हालचाल न मोजायची जागा) दिला की जाते. पट्टी झिजलीच असेल तर तेवढाच भाग बदला.

रडरसाठी पायाची पेडल घेतल्यावर रडर वेडंवाकडं हलू लागलं, तर तक्रार पेडलची नसते. नवीन उपकरण जोडलं की सिम त्याला स्वतःच बटणं आणि ॲक्सिस नेमून देतो. मग काठी गोल पिळण्याची हालचाल आणि पेडल दोघंही एकाच रडरवर हुकूम सोडतात. कंट्रोल्समध्ये काठी निवडा आणि रडर ॲक्सिसची नेमणूक पुसून टाका.

“अडखळतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय.” सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) बनतात ते दाखवणारी, खिडकी उघडा. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसलं तर प्रोसेसर मागे पडतोय. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड) दिसलं तरच कार्डाचा विचार करा. कोणत्याही सिमला चालणारी दुसरी चाचणी अशी: रिझोल्यूशन निम्म्यावर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्ड रिकामं बसलंय, महागडं कार्डही तसंच बसेल.

मेनथ्रेडचा, म्हणजे प्रोसेसरवरच्या मुख्य कामाचा, भार हलका करायला टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा बारकावा) २०० वरून १०० वर आणा, विमानांची आणि गाड्यांची वर्दळ कमी करा, ग्लास कॉकपिटचा (विमानातल्या पडद्यांचा) रिफ्रेश रेट मीडियम ठेवा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० फ्रेमला कुलूप लावलं तर कधी ४५, कधी २८ अशा धावपळीपेक्षा विमान कितीतरी सहज उडतं.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेगही बघा. ३२०० ची रॅम असून २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, बंद आहे. चालू करायला एक रुपयाही लागत नाही.

पहिली वीस मिनिटं छान आणि मग अडखळतं, असं एप्रिल-मेच्या दुपारी होत असेल तर उष्णतेकडे बघा. पुण्यात पारा ४० पर्यंत जातो, आणि टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटची हवा तिथेच कोंडते. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी होणं, चालू आहे का ते सांगतं. असेल तर कॅबिनेट बाहेर काढा, जाळीवरची धूळ ब्रशने झाडा.

“बंद पडतो, फॉरमॅट करा.” कशासाठी? शंभर जीबीपेक्षा जास्त पुन्हा उतरवायचं आणि शेवटी तेच बिघडलेलं ॲड-ऑन (सिममध्ये वरून टाकलेलं विमान किंवा विमानतळ) परत टाकायचं? ॲड-ऑन ज्यात राहतात त्या कम्युनिटी फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचा रिकामा फोल्डर बनवा आणि उडवून बघा. बंद पडत नसेल तर गुन्हेगार जुन्या फोल्डरमध्ये आहे. निम्मे ॲड-ऑन परत ठेवा, मग दोषी निम्म्याचे निम्मे. ४० असले तरी सहा फेऱ्यांत नेमकं एक सापडतं. एकाच विमानतळाची दोन सीनरी (दृश्याची ॲड-ऑन) आधी शोधा. रिकाम्या फोल्डरनेही बंद पडला तर विंडोजची पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ‘सिस्टिम मॅनेज्ड’ आहे ना ते बघा. कुणीतरी ‘वेग वाढतो’ म्हणून ती बंद करायला सांगितलेलं असतं.

“कंट्रोल तुटतात, मदरबोर्ड गेला.” यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. अॅडॉप्टर नसलेल्या चार तोंडांच्या हबमध्ये तेवढ्यातच योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल, पेडल आणि दिव्यांचं पॅनेल भागवायचं असतं, म्हणून विंडोजचा ‘टुंग’ आवाज येतो आणि योक गायब होतो. वेगळा अॅडॉप्टर असलेला हब घ्या किंवा योक थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी काढा. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. तरीही आवाज आला तर एक्स्टेन्शन केबल काढून बघा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच उपकरण अर्धा तास चालवा. तिथेही तुटलं तर दोष त्या उपकरणात, बहुधा त्याच्या वायरीत आहे, आणि ती बहुतेक वेळा जिथे खोक्यात शिरते तिथेच आतून तुटलेली असते.