दोघांच्याही पेपरात १६५६

आज उपासनेनंतर शास्त्राभ्यासाला बसलो होतो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे लूकानं लिहिलेलं मानतात ते पुस्तक, अध्याय ५. यहुदी शास्त्रगुरू गमलियेल यहुद्यांच्या सभेला समजावतोय की येशूच्या या माणसांच्या वाटेला जाऊ नका. मागे थुदास उठला, चारशे माणसं जमली, तो मारला गेला, सगळे पांगले. त्याच्यामागून नावनिशीच्या, म्हणजे जनगणनेच्या, दिवसांत यहूदा गालीली उठला, त्याचंही तेच झालं.

इथे सेकंड इयरच्या एका पोरानं हात वर केला. म्हणाला, जोसेफस नावाचा यहुदी इतिहासकार थुदासला इसवी सन ४४ ते ४६ च्या सुमारास टाकतो. गमलियेल तर त्याच्या आठ-दहा वर्षं आधीच बोलतोय. मग त्याला थुदास कसा माहीत?

आमचे एक ज्येष्ठ दादा हसून म्हणाले, "बेटा, असले प्रश्न आपल्याला कोण विचारायला लावतो, ठाऊक आहे ना?" दोघी-तिघी हसल्या. एक जण म्हणाले, यूट्यूबवरचं फॅड आहे हे. पोरानं हात खाली घेतला आणि मोबाईलमध्ये मान घातली.

आणि मी, तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई, गप्प बसले. रिक्षात बसल्यावर राग आला. आता काय उपयोग!

फॅड म्हणे! १८९४ साली माक्स क्रेंकेल नावाच्या जर्मन माणसानं जोसेफस आणि लूक या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलंय. तेव्हा यूट्यूब सोडा, रेडिओसुद्धा नव्हता.

मला मात्र दिवसभर दुसरंच आठवतंय. नववीचा सहामाहीचा पेपर. पुरंदरच्या तहाचं साल. एका मुलानं लिहिलं १६५६, त्याच्या तीन बाकं मागे बसलेल्यानंही १६५६. बरोबर उत्तर १६६५. बरोबर उत्तर दोघांचं सारखं आलं तर कोणी काही म्हणत नाही, पण चूक सारखी आली की शिक्षक उठतोच. मी दोघांना उभं केलं, कॉपी म्हणाले, त्या प्रश्नाचे मार्क कापले. मागच्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते कामाच्या कपड्यांतच आले आणि हात जोडून उभे राहिले. "बाई, मी नाही बघितलं," एवढंच पोरगं म्हणत होतं.

तर थुदास. जोसेफसाचं वाचा एकदा. थुदासनं लोकांना सांगितलं, सामानसुमान घ्या आणि यार्देनेवर चला, मी शब्द टाकला की नदी दुभंगेल. रोमी सुभेदार फादसनं घोडेस्वार सोडले. थुदासचं मुंडकं कापून यरुशलेमेत नेलं. लगेच पुढे जोसेफस सांगतो की नंतरच्या सुभेदारानं यहूदा गालीलीच्या दोन मुलांना वधस्तंभावर दिलं, आणि आठवण करून देतो की हा यहूदा म्हणजे तोच, ज्यानं रोमी सुभेदार क्विरीनियच्या नावनिशीच्या वेळी लोकांना उठवलं होतं. ती नावनिशी इसवी सन ६ ची. म्हणजे पुस्तकात आधी थुदास, मग यहूदा. घडलं मात्र उलट. आणि लूकाच्या गमलियेलाच्या तोंडी काय क्रम येतो? आधी थुदास, मग यहूदा.

अंक उलटे पडले ना? १६५६.

मला विचाराल तर लूकानं जोसेफस कुठेतरी ऐकला होता. ऐकलाच म्हणते, कारण त्या काळी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि ऐकलेलं डोक्यात मागेपुढे होतं. समोर उघडं ठेवून लिहिलं असतं तर आकडे इतके वेगळे आले नसते. दोघांकडेही येणाऱ्या एका मिसरी बंडखोराच्या मागे लूक चार हजार माणसं लावतो, जोसेफस तीस हजार.

बरं, थुदास दुसराही असेल. त्या नावाचा एकच माणूस जन्माला आला होता, असं माझं म्हणणं नाही. आणि दोघांनी तिसऱ्याच कुणाकडून घेतलं असेल, हेही होऊ शकतं. मान्य.

पण विचारायचंच नाही? ज्या दादांनी आज पोराला गप्प केलं, तेच नाताळात स्टेजवरून सांगतात की बघा, यहुदी जोसेफससुद्धा आपल्या येशूबद्दल "तो ख्रिस्त होता" असं लिहून गेला! अहो, त्या उताऱ्यात हस्तलिखितं उतरवणाऱ्या आपल्याच लोकांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिसऱ्या शतकात आपलाच ख्रिस्ती पंडित ओरिगेन लिहितो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. साक्ष दिली की जोसेफस आपला, तारखा विचारल्या की सैतानाचा. वा रे न्याय!

आमचा पुण्यातला भाचा दुसऱ्या टोकाचा. मघाशी फोनवर सांगितलं तर खूश होऊन म्हणाला, "म्हणजे तुमचं शास्त्र कॉपी!" त्याच्यावरही ओरडले. थुदासची गोष्ट ज्यात आहे, तो जोसेफसाचा मोठा ग्रंथ इसवी सन ९३-९४ चा. लूकाला तो माहीत असेल तर कृत्यांचं पुस्तक त्यानंतरचं ठरतं, आणि पुष्कळ अभ्यासक ते ८० ते ९० च्या दरम्यान ठेवतात. भांडण खरं तिथे आहे. चोरीचा इथे काय संबंध? लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यात, ज्यांच्यासाठी लिहितोय त्या थियफिल महाराजांना सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी लिहिलंय आणि मी सगळा शोध करून लिहितोय. इतकं उघड सांगणारा कॉपीबहाद्दर मी तरी पेपरात पाहिला नाही.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली गेल्या, तोवर ते काम करत होत्या. शब्दाशब्दाला प्रश्न पडल्याशिवाय होतं का असलं काम? त्यांना नाही कोणी विचारलं, कोण विचारायला लावतो म्हणून. विचारलं असेलही. बायकांना विचारतातच.

त्या पेपरचं राहिलं. चार दिवसांनी तिसऱ्याच एका मुलीची शिकवणीची वही हातात आली. त्यात सरांनी फळ्यावर लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलेलं: पुरंदरचा तह, १६५६. दोघंही तिथलेच. मी मार्क परत दिले, वर्गासमोर चूक कबूल केली. पुढचा सात-आठ महिन्यांचा काळ तो पोरगा माझ्या तासाला बसला, वही पूर्ण असायची, पण हात कधी वर केला नाही. आज पोरानं हात खाली घेतला तो अगदी तसाच.

त्याला मघाशी मेसेज केलाय. बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे बसतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या, शास्त्र आणि चष्मा घेऊन. दादा, तुम्हीही या. कांदाभजी करणार आहे.