एकतीस सोंगट्या

कोल्हापुरात शाळेत बुद्धिबळाचा क्लब काढायचा म्हणजे खासबागेच्या कुस्ती मैदानात उभं राहून ‘हळू बोला’ म्हणण्यासारखं आहे. बुद्धिबळाची परंपरा शेजारी सांगलीत. इथं डाव म्हटला की पोरांना धोबीपछाड आठवते. पेठेच्या संघाची मॅच असेल त्या दिवशी क्लबात फक्त सोंगट्या हजर असतात, म्हणून वार ठरवण्याआधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा.

चोवीस पोरांना बारा संच लागतात, चौदा घ्या. गुंडाळायचा रेक्झिनचा पट, राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर, बुडाला वजन असलेला. सगळे एकाच मापाचे हवेत, म्हणजे एका पिशवीतलं हरवलेलं प्यादं दुसरीतून भरता येतं. चुंबकाचे चिमुकले पट देणगीत आले तर आभार मानून कपाटात ठेवा. दिवाळीपर्यंत एखादा पांढरा हत्ती खडूचा झालेला असतोच. त्याचा फायदा एवढाच की चाल केली की पटावर रेघ उमटते, चाली लिहायचा त्रास वाचतो.

खरी भांडणं घरून येतात. आजोबांच्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजा एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारतो. त्यामुळं किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवले, की ओरड होते, “सर, ह्यानं दोन सोंगट्या हलवल्या की!” नियम छापून भिंतीला लावा. आजोबांशी वाद घालू नका.

तिसऱ्या आठवड्यात कुणाला तरी चार चालींची मात सापडते. उंट सी-4 या घरावर, वजीर एच-5 वर, मग एफ-7 वर खेळ खल्लास. हरून हरून निम्मी पोरं गळतात. तेव्हा पहिल्याच दिवशी उतारा शिकवा: ई-5 चं प्यादं राखायला घोडा सी-6 वर, आणि वजीर एच-5 वर आला की प्यादं जी-6 वर.

स्पर्धा घ्याल तर स्विस पद्धतीनं, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांची पोरं समोरासमोर. चोवीसांत सगळ्यांशी सगळे म्हणजे 276 डाव. स्विसच्या पाच फेऱ्यांत साठ. एखादा गैरहजर राहिला तर कुणाला तरी बाय द्यावा लागतो, म्हणजे बसल्या जागी एक गुण. अख्ख्या क्लबात समाधानी असा तेवढाच.

हात लागला की तीच सोंगटी चालायची, हेही ठणकावून सांगा. नीट ठेवायची असेल तर आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं असतं. आपल्याकडं ते चाल फसल्यावर म्हणतात.

शेवटी पिशवीत 32 मोजल्याशिवाय दार उघडू नका. एकतीस भरल्या तर कंपासपेट्या बघा. तिथं नसेल तर पाचवीतल्या पोरांना तोंड उघडायला सांगा.