चुका जशाच्या तशा

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या आमच्या भावोजींकडे दोन गाड्या आहेत. एक रोजची, तिच्यात बसून माणसं कुठेतरी जातात. दुसरी 1963 ची कॉर्व्हेट स्टिंग रे, म्हणजे शेव्हरलेची दोन सीटांची स्पोर्ट्स कार, तिच्यात बसून माणसं फक्त दिसतात.

मंडळाच्या गणपतीला निघताना ताईने मोदकांचा डबा माझ्या हातात कोंबला, "तू यांच्याबरोबर ये" म्हणाली आणि मुलांना घेऊन रोजच्या गाडीत संशय यावा इतक्या चपळाईने बसली. डबा ठेवायला मी कॉर्व्हेटच्या मागे गेलो. डिकी सापडेना. सापडणार कशी? या गाडीला डिकीचं झाकणच नाही. सामान दारातून आत न्यायचं आणि सीटच्या पाठीमागे ढकलायचं. मोदक उकडीचे होते, ढकलण्यातले नव्हते. डबा मांडीवर आला.

"बसायला सोपं जावं म्हणून दार थेट छतात कापलंय बघा, मेहुणे," भावोजी कौतुकाने सांगत होते. तोवर छताच्या न कापलेल्या भागाशी माझ्या कपाळाची ओळख झाली होती.

जुनी गाडी दुरुस्त करायची म्हणजे पहिल्यापेक्षा चांगली करायची, असा माझा भाबडा समज. तसं नसतं. जुन्या कॉर्व्हेट जपणाऱ्यांची तिथे एक संस्था आहे. तिचे परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात आणि कारखान्यातून निघाली तेव्हा ती जशी होती तशीच आहे ना, हे पाहतात. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो का, इथपासून सुरुवात. रंग मूळच्यापेक्षा सुबक झाला तर गुण जातात! म्हणजे साठ वर्षांपूर्वी कुण्या कामगाराने जेवणाच्या सुट्टीआधी घाईत फवारा इकडेतिकडे उडवला असेल, तर आज पैसे मोजून तो तसाच उडवून घ्यायचा. भावोजींचा रंगारी नेमका चांगला निघाला. त्याला घाण काम जमेना. ते शिकवण्यात त्यांचा एक उन्हाळा गेला. आमच्या घराला रंग देणारा माणूस तिकडे असता तर सुवर्णपदक घेऊन आला असता.

ब्रेकचंही तेच. डिस्क ब्रेक 1965 मध्ये आले, त्यामुळे या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. एसी तेव्हा वेगळे पैसे देऊन मिळायचा आणि पहिल्या मालकाने ते दिले नव्हते. आता बसवला तर पुन्हा गुण जाणार. सिग्नलला 5.4 लिटरचं व्ही-8 इंजिन आमच्या पायांशी तापत होतं, शेजारच्या गाडीतला माणूस अंगठा वर करून दाद देत होता आणि मोदक दुसऱ्यांदा उकडत होते.

पण या गाडीचं खरं सोनं मागच्या काचेत आहे. काच दुभंगलेली, मधून उभी पट्टी. आरशात पाहिलं की नेमकी तीच दिसते. बिल मिचेल या डिझाइनप्रमुखाचा ती ठेवायचा हट्ट, आणि ड्रायव्हरला मागचं दिसत नाही म्हणून झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनीयरचा तिला विरोध. 1964 मध्ये पट्टी गेली. तेव्हा काही मालकांनी आपल्या 63 च्या गाड्यांची पट्टी कापून नवी अखंड काच बसवून घेतली. आज सगळी किंमत त्या पट्टीला आहे.

मंडळात पोहोचलो तर आरतीला उभे राहिलेले अर्धे लोक बाहेर आले. मुलांनी पुढचे लपणारे दिवे पुन्हा पुन्हा फिरवून घेतले. "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न आलाच. भावोजींनी तो हसून पुढच्या माणसाकडे सरकवला.

गाडी नीट लावायला मागे घ्यायची होती. मला उतरवण्यात आलं. डबा पोटाशी धरून मी मागे उभा राहिलो आणि "येऊ द्या, येऊ द्या" सुरू केलं.

"अहो, ती मधली पट्टी काढून टाका ना," एक काका जवळ येऊन म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक काचवाला आहे, स्वस्तात करेल."

भावोजींनी इंजिन बंद केलं. पुढे डबा उघडून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मोदक वाटले. काकांची पाळी आली तेव्हा मात्र डब्याला झाकण लावलं.