झाडाच्या मुळावर कसे उठावे

झाड आणलंत, कुंडीत लावलंत, इथवर ठीक. आता ते जगू नये यासाठी काय करायचं, हे कुणी धड सांगत नाही. कुऱ्हाड, विष वगैरे रानटी प्रकार सोडा. सुसंस्कृत माणसाने झाड मायेनेच मारावं.

सुरुवात पाण्यापासून. माती ओली असो की कोरडी, रोज घाला. दोनदा घातलंत तर फारच छान. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं) आलाय का, असल्या चौकशा शेतकऱ्यांनी कराव्यात. खरं मर्म असं की मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते आणि मुळं त्याच हवेवर श्वास घेतात. क्षार आत घेणं मुळांना फुकटात पडत नाही. बाहेर कमी असलेले क्षार आत, जिथे आधीच जास्त आहेत तिथे, ओढायचे तर ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी प्राणवायू. फटी पाण्याने भरल्या की श्वास कोंडतो, पाठोपाठ पाणी शोषणंही मंदावतं. मग कुंडीत चिखल आणि वर पानांनी माना टाकलेल्या! बिचारं तहानलंय म्हणत लगेच आणखी एक तांब्या ओता.

पुढे सवडीने रोप उपसून बघा. पांढरं, टणक असायचं ते मूळ तपकिरी आणि बुळबुळीत झालेलं असतं. चिमटीत धरून ओढलंत की वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि मागे दोऱ्याएवढा गाभा उरतो. वास तर कुंडी हलवतानाच आलेला असतो. इतपत जमलं की तुमचा हात बसला म्हणायचं.

इतकं पाणी कशाला, असं कुणी विचारलंच तर सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा दाखला द्या. त्याने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती घटली जेमतेम 2 औंस. म्हणजे झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवून टाकलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 मध्ये, ते छापूनही आलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हिशेबातून निसटला होता, पण तुम्ही तिथपर्यंत वाचायलाच हवं असं नाही.

मातीतून झाडाला हवं असतं ते इतकं थोडं, तेव्हा खत मूठभर द्यावं हे ओघानेच आलं. रासायनिक खत थेट बुंध्याशी टाका. मातीतलं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं की परासरणाची दिशा फिरते आणि मुळातलंच पाणी बाहेर पडू लागतं. पानांच्या कडा करपतात. त्याला खत कमी पडल्याचं लक्षण समजावं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडतंय. पुष्कळदा ते मातीत असतंही, पण माती अल्कधर्मी असल्याने मुळांना घेता येत नाही. तुम्ही युरियाच घाला.

कुंडी बदलायची असेल तर भर दुपारी बदला. मुळं खळखळून धुवा, म्हणजे मूलरोम (एकेका पेशीचे ते नाजूक तंतू, पाणी पिण्याचं बरंचसं काम त्यांचंच) मातीबरोबर निघून जातील. मग रोप उन्हावाऱ्यात ठेवा. पाणी वर चढवायला झाडात पंप नसतो. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या नळ्या. पानांतून वाफ उडते आणि तिच्या ओढीने पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्येच हे मांडलं होतं. शंभर मीटरहून उंच रेडवुड झाडालाही याच ओढीने पाणी पोचतं. तुमच्याकडे वरून ओढ चालू आणि खालून पुरवठा बंद. पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटून घेण्यापलीकडे झाडाच्या हातात काही उरत नाही, आणि ती मिटली की अन्न बनवणंही थांबत आलं.

इतकं करूनही मोठं झाड हटत नसेल तर खोडाला तार गुंडाळून दिव्यांची माळ लावा. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीला लागूनच असतात, जलवाहिन्या त्यांच्या आत. तारेने आधी रसवाहिन्या आवळल्या जातात. पानांना पाणी मिळत राहतं, ती बराच काळ हिरवीगार दिसतात, आणि खाली मुळं उपाशी पडली आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. गाठ फक्त एकदाच घट्ट मारा. खोड जाड होत जातं तशी तार आपोआप रुतत जाते, पुन्हा हात लावावा लागत नाही.