वडील कोणत्या खात्यात होते?

माझ्या लिहिण्यातली एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय. ती आज नीट मांडते. मी माणूस दाखवायच्या आधीच त्याच्याबद्दल काय वाटायला हवं ते सांगून मोकळी होते. विशेषण आधी येतं, माणूस मागून. कधी कधी तर माणूस येतच नाही.

जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपावर एक पोस्ट लिहिली होती. तुम्ही ते आपुलकीने वाचलंत, शेअर केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ती पोस्ट आता वाचते तेव्हा काय दिसतं? ‘कष्ट, घाम आणि स्वप्नं’. ‘उद्ध्वस्त गिरणगाव’. ‘नियतीचा घाला’. ‘करारी आवाजाचे माझे बाबा’. संपाची तारीख आहे, 18 जानेवारी 1982. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचं नाव आहे, अडीच लाख कामगारांचा आकडा आहे. एवढं सोडलं तर बाकीचा मजकूर कुठल्याही गावाला आणि कुणाच्याही वडिलांना लागू पडेल.

आमच्या चाळीत साताऱ्याकडचे एक काका आहेत, जन्म गिरणीत गेलेले. नातवाने त्यांना ती पोस्ट वाचून दाखवली. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “समदं लिवलंस, पन वडील कंच्या खात्यात व्हते त्ये न्हाई लिवलं.”

साचे खात्यात. मला माहीत होतं, पण लिहावंसं वाटलं नाही, कारण खातं, पाळी, बदली (म्हणजे कायम कामगार आला नाही तरच मिळणारं काम) या गोष्टी मला निव्वळ माहिती वाटायच्या. लिखाण म्हणजे त्यापेक्षा काहीतरी उंच, असा शाळेपासूनचा समज. निबंधात ‘सोनेरी किरणांनी न्हालेली पहाट’ लिहिली की बाई शाबासकी द्यायच्या. सकाळी सातचा भोंगा लिहिला म्हणून कुणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

आता साचे खातं म्हणजे काय ते बघा. एका छपराखाली माग ओळीने मांडलेले आणि सगळे एकदम चालू. प्रत्येक मागावर आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत जाणार. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी ओरडायचं, नाहीतर हाताने खुणा करायच्या. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. पाळी सुटून घरी आलं तरी तो आवाज डोक्यातून जात नाही, आणि अशी वर्षं गेली की ऐकूच कमी यायला लागतं. बाबा घरात मोठ्याने बोलायचे ते यामुळे. आई म्हणायची, “अहो हळू, शेजारी ऐकतायत,” आणि बाबा तेवढ्याच मोठ्याने विचारायचे, “काय म्हणालीस?”

मी त्याला ‘करारी आवाज’ म्हटलं. दिसायला छान शब्द. त्या एका शब्दाखाली त्यांचे गेलेले कान झाकले गेले, आणि ते कशामुळे गेले तेही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या संपाबद्दल, ज्या कामाबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं होतं, त्याचा पुरावा घरातच होता आणि मी त्याच्या जागी कौतुक लिहिलं.

दुसरी उणीव बोलण्याची. माझ्या लिखाणातली माणसं सगळी एकाच मराठीत बोलतात. काकांचं वरचं वाक्यही आधी हाताच्या सवयीने ‘वडील कोणत्या खात्यात होते ते लिहिलं नाहीस’ असंच उतरलं होतं. आमच्या मजल्यावरची मालवणची आजी उभ्या जन्मात “माका नको” म्हणाली, माझ्या पोस्टमध्ये मात्र ती “मला नको गं बाळा” म्हणते. प्रमाण मराठीशी माझं भांडण नाही, निवेदन मी त्याच भाषेत करणार. पण गिरणगाव वसलंच कोकणातून आणि देशावरून आलेल्या लोकांनी. त्यांच्या तोंडची भाषा सरळ केली की ती कुठून आली हेच पुसलं जातं.

शेवटी एक टाळीची ओळ टाकायची सवय आहे, ती तर फेसबुकनेच लावली. तीच ओळ कॉपी होऊन फिरते, बाकीचं कुणाला आठवत नाही.

मग भावना नकोच का, असं कुणी विचारेल. हवी तर! गिरण्यांच्या जमिनीवरचे मॉल आणि टॉवर बघून मला आजही संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही. पण नुसतं ‘शोषण’ लिहून तो वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एकाच खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची, रात्रपाळीचा उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. संपात पगार बंद झाल्यावर खानावळवाल्या बाईंच्या वहीत उधारी चढत गेली. हे लिहिलं तर संताप शब्दात वेगळा सांगावा लागणार नाही, असं मला वाटतं.

ती पोस्ट मी पुन्हा लिहायला घेतली आहे आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे. तुमच्या घरी कुणी थ्रॉसलमध्ये (सूतकताईत), साचे खात्यात, फोल्डिंगमध्ये (कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात) होतं का? वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बायका असायच्या, त्यांच्यापैकी कुणाची आई, आजी, मावशी? काम कसं चालायचं, जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचे, बदलीवाल्याला सकाळी गेटवरून परत पाठवलं की तो दिवसभर काय करायचा, जे आठवेल ते खाली लिहा. घरी जसं बोलत होते तसंच लिहा. मी त्यातला एकही शब्द सुधारणार नाही.